थवा उडवून काढलेले फोटो छापू नका

संपादक साहेब, नमस्कार.

थंडी सुरू झाली की तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेले पक्ष्यांचे फोटो येतात, घरात सगळे आवडीने बघतात, पण दर वेळी तेच हो. संध्याकाळचा समुद्र, सीगलचा थवा अर्धा फ्रेमच्या बाहेर, एकाचाही डोळा दिसत नाही आणि क्षितिज असं कललेलं की पाणी एका बाजूने सांडेल. हे फोटो कसे निघतात ते आम्ही दापोलीकडचे लोक किनाऱ्यावर बघतोच, एक जण थव्यात पळत सुटतो आणि दुसरा बटण दाबत. लडाख-तिबेटकडून आलेले कुरव, म्हणजे हेच सीगल, बिचारे जरा टेकलेले असतात, त्यांना कशाला उठवायचं?

बरं, फोटो शार्प येत नाही म्हटलं की सगळे लेन्सला नावं ठेवतात. अहो, आपला किनारा पश्चिमेचा, सकाळी ऊन डोंगराकडून म्हणजे आपल्या पाठीमागून येतं आणि पाण्याकडे बसलेला पक्षी समोरून उजळतो, संध्याकाळी बरोबर उलटं, हाती लागते ती काळी सावली. ऊन सुरूच्या बनावरून खाली उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. दहानंतर मात्र वाळू तापून हवा थरथरायला लागते, मग लेन्स कितीही महागडी असो, लांबचा पक्षी धूसरच येणार आणि मोबाईलवर शार्पनेस वाढवून नुसते दाणे वाढतात.

भरती चढताना जा, पाणी चिखल्यांना (ओल्या वाळूत टिपणारे छोटे पक्षी) आपोआप तुमच्याकडे ढकलतं. सरळ ओल्या वाळूत पोटावर पडायचं (कपडे खराब होतात, होऊ देत) आणि हलायचं नाही, चिखल्या दोन पावलं पळतो, थांबतो, चोच मारतो, तो थांबला की डोळ्यावर फोकस. कॅमेरा त्याच्या उंचीला आला की मागची वाळू जाऊन लांबचं पाणी येतं आणि ते छान ब्लर होतं, फक्त क्षितिजाची रेघ मानेतून जाऊ द्यायची नाही आणि तो बघतोय त्या बाजूला जागा जास्त सोडायची. उडताना हवाच असेल तर शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवा, आणि गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर एक्सपोजर (फोटोतला उजेड) थोडं कमी करा, नाहीतर पिसं दिसतच नाहीत.

तुम्ही निवडताना एवढंच बघा की डोळा स्पष्ट आहे का, आणि फोटोखाली वेळ छापा. समुद्री गरुडाच्या घरट्याचा फोटो आला तर तो नकोच, निदान गावाचं नाव तरी गाळा, पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात.

– एक वाचक, दापोली