मोजे काढायला लावलेत, त्याबद्दल

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. बायकोचे वेरिकोज व्हेन्सचे घट्ट मोजे घालून तपासणीला आलेला माणूस म्हटलं की आठवेल तुम्हाला.

दोनशे पावलं चाललो की पोटरीत गोळा यायचा आणि थांबलो की दोन मिनिटांत जायचा. हिला मोज्यांनी आराम पडतो, तर मलाही पडेल, एवढाच माझा हिशेब. तुम्ही हसला नाहीत. घोट्याजवळ गार जेल लावून डॉप्लरची, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारी, पेन्सिल टेकवलीत आणि त्या फस् फस् आवाजाकडे कान देऊन पट्ट्यातली हवा हळूहळू सोडलीत. दंडाचं प्रेशर 140, घोट्याचं 84. कागदाच्या कोपऱ्यात भागाकार मांडलात: 0.6. म्हणालात, 0.9 च्या खाली आलं की पायाकडे जाणारी धमनी अरुंद झाली असं धरतात.

मग जे सांगितलंत ते आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. "त्यांच्या शिरांच्या झडपा सैल झाल्यात, रक्त वर चढत नाही, साचतं. म्हणून बाहेरून दाब द्यायचा. तुमच्या पायात रक्त खाली पोचतच नाही. तिथं आणखी कशाला आवळताय?" जाता जाता हिलाही बजावलंत, की एकच पाय अचानक सुजला, दुखला, गरम लागला तर मोजे चढवत बसू नका, गुठळी असू शकते, लगेच या.

डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, लिहून दिलं. पायाची धमनी अरुंद म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही संशयात, म्हणून. सिगारेट बंद. (हे सगळ्यात अवघड गेलं, खोटं कशाला बोलू.) अँजिओप्लास्टी आत्ता नको, पण रात्री झोपेत पाय दुखायला लागला किंवा बोटाची जखम भरेना झाली, तर थांबायचं नाही.

आणि चालणं! मी दुखतं म्हणून बसून राहायचो. तुम्ही म्हणालात, दुखेपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, निदान तीन महिने. पहिल्या आठवड्यात मनातल्या मनात तुम्हाला बोल लावले, माफ करा. आता न थांबता आठशे पावलं होतात.

हिनं नवे मोजे घेतले. जुने मी घालून सैल केले, असं तिचं म्हणणं आहे.

तुमचा,
0.6 वाला पेशंट