आई-बाबांना पत्र: मंडळीतल्या रागाचं काय करायचं

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

बाबांचा प्रश्न असा की आपल्या चर्चच्या मंडळीत गरीब-निधीचा हिशोब विचारणाऱ्याला गप्प बसवलं जातं, त्याचा राग येणं हे पाप आहे का. आईचा प्रश्न त्याला लागूनच आहे: असा राग मनात असताना उपासनेला बसावं का, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घ्यावं का. फोनवर हे अर्धवटच बोलणं होतं, म्हणून लिहिते आहे. बायबलमधल्या वचनांचे आकडे मुद्दाम दिले आहेत, शास्त्र उघडून ताडून बघता येतील.

आधी बाबांचं. इफिस ४:२६ मध्ये प्रेषित पौल रागाला सरसकट बंदी घालत नाही. रागवा, पण पाप करू नका, आणि तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, असं तो म्हणतो. लगेच २७ व्या वचनात कारण येतं: सैतानाला वाव देऊ नका. मात्र ३१ व्या वचनात तोच पौल कडूपणा, संताप, क्रोध, गलबला, निंदा हे सगळं दूर करा असं सांगतो. म्हणजे राग येण्याला जागा आहे, मुक्कामाला नाही. सूर्यास्ताची मुदत लोक चुकीची लावतात, असं मला वाटतं. त्या दिवशी भांडण मिटलंच पाहिजे असा अर्थ घेऊन रात्री बारा वाजता थकलेल्या डोक्याने वाद उकरले जातात आणि सकाळी प्रकरण दुप्पट होतं. सूर्यास्ताआधी करायचं ते एवढंच: सूड घ्यायचा नाही हे ठरवायचं, देवासमोर ते बोलायचं, आणि पुढचं पाऊल कोणतं व कधी हे निश्चित करायचं. पौलाच्या वाक्यामागे असलेल्या ४ थ्या स्तोत्राच्या ४ थ्या वचनातही बिछान्यावर पडून आपल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा, असंच आहे.

येशूच्या रागाचा स्पष्ट उल्लेख मार्क ३:५ मध्ये आहे. शब्बाथ दिवशी सभास्थानात हात वाळलेला माणूस बसला आहे आणि त्याला बरं केलं तर येशूवर आरोप ठेवता येईल म्हणून काहीजण टपून आहेत. येशू त्यांच्याकडे रागाने बघतो, आणि त्याच वाक्यात त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे खिन्न होतो. राग आणि दुःख एकाच वेळी. मग त्या टपलेल्यांना तो काहीच करत नाही. वाळलेल्या हाताच्या माणसाला हात पुढे करायला सांगतो आणि तो बरा होतो. राग खरा होता की नाही हे तपासायची एक जागा इथे सापडते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्या रागातून काही मिळालं का? फक्त अन्याय करणाऱ्याला चार शब्द ऐकवले गेले असतील, तर राग अजून कच्चा आहे.

येशूने मंदिरातून विक्रेत्यांना हाकललं तो प्रसंग बाबा नेहमी सांगतात, आणि तो बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. मार्क ११:११ वाचा. आदल्या संध्याकाळी येशू मंदिरात जातो, सभोवार सगळं बघतो, आणि उशीर झाला म्हणून बारा शिष्यांसह बेथानी गावी परततो. सराफांचे चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. तो भडका नव्हता, रात्रभर थांबून केलेली कृती होती. कोरड्याचा (चाबकाचा) उल्लेख चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानात आहे (२:१५), तिथेच मेंढरं आणि गुरं हाकलली जातात. कबुतरं विकणाऱ्यांना मात्र तो ती इथून न्या असं तोंडी सांगतो. ही कबुतरं गरिबांचं अर्पण होती: लेवीय १२:८ प्रमाणे बाळंतपणानंतर ज्या बाईला कोकरू परवडत नाही तिने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणायची, आणि मरियेनेही तेच आणलं होतं (लूक २:२४). सराफ होते ते मंदिराच्या करासाठी ठरलेलं नाणं बदलून देणारे. सेवा गरजेचीच होती. पण मार्कात येशू जे वचन उद्धृत करतो, त्यात मंदिराला ‘सर्व राष्ट्रांसाठी’ प्रार्थनेचं घर म्हटलं आहे, आणि हा बाजार बहुधा परराष्ट्रीयांना येता येत होतं त्याच अंगणात भरलेला होता. ‘लुटारूंची गुहा’ हे शब्द यिर्मया ७:११ मधले आहेत. तिथे संदेष्टा अशा लोकांबद्दल बोलतो जे बाहेर परदेशी, अनाथ आणि विधवांवर जुलूम करतात आणि मग मंदिरात येऊन आपण सुरक्षित आहोत म्हणतात. मत्तय २१:१४ मध्ये पुढचं दृश्य आहे: रिकाम्या झालेल्या त्याच मंदिरात आंधळे आणि लंगडे येतात आणि तो त्यांना बरं करतो.

या उलटची उदाहरणंही शास्त्राने लपवलेली नाहीत. लूक ९ मध्ये एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले. प्रभूने त्यांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले. अपमान प्रभूचा झाला होता, राग त्याच्या नावाने आला होता, तरीही चुकीचा होता. मोशेचं तर दोन्ही बाजूंनी बघता येतं. लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं तेव्हा (निर्गम ३२) तो देवाच्या आज्ञांच्या पाट्या आपटतो, पण त्याच अध्यायात लोकांना क्षमा कर, नाहीतर माझं नाव तुझ्या पुस्तकातून पुसून टाक, अशी विनवणी देवाला करतो. गणना २० मध्ये त्याला पाण्यासाठी खडकाशी बोलायला सांगितलं होतं. त्याने लोकांना बंडखोर म्हटलं आणि काठी दोनदा मारली. पाणी आलं, भरपूर आलं. तरी तो वचनदत्त देशात जाऊ शकला नाही. काम झालं म्हणजे राग योग्य होता, हा हिशोब तिथे मोडतो. आणि योना संदेष्ट्याला देव दोनदा विचारतो, तुझं हे रागावणं बरं आहे काय? एका सुकलेल्या वेलीसाठी तो मरणाची भाषा करतो, आणि निनवेतली १,२०,००० पेक्षा जास्त माणसं वाचल्याचा त्याला राग आहे.

बाबा, तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा अध्याय नहेम्या ५ आहे, आणि त्यावर प्रवचन फार क्वचित ऐकायला मिळतं. दुष्काळात लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली होती, मुलांना दास्यात द्यावं लागत होतं, आणि कर्ज देणारे त्यांचेच भाऊबंद होते. ६ व्या वचनात यहूदाचा सुभेदार नहेम्या फार संतापतो. ७ व्या वचनात आधी मनाशी विचार करतो, मग सरदारांना आणि अधिकाऱ्यांना तोंडावर दोष देतो, त्यानंतर सभा भरवतो. १० व्या वचनात मी आणि माझे भाऊही कर्ज देत आहोत असं मोकळेपणाने सांगून तो स्वतःला त्यातून वगळत नाही. मागणी नेमकी आहे: शेतं, द्राक्षमळे, जैतुनांचे मळे, घरं परत करा, आणि पैसा, धान्य, द्राक्षारस, तेल यांचा व्याज म्हणून घेतलेला शतांश परत करा, आजच्या आज. याजकांसमोर शपथ घेतली जाते. आणि १४ व्या वचनात कळतं की सुभेदार म्हणून १२ वर्षं त्याने आपला भत्ता घेतलेला नव्हता. त्याच्या बोलण्याला वजन होतं ते यामुळे.

मधल्या काळातलं एक उदाहरण यात बसतं. ३९० साली थेस्सलनीका शहरात जमावाने एका सेनाधिकाऱ्याला मारलं म्हणून सम्राट थियोडोसियसच्या हुकमाने तिथल्या लोकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राटाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, फक्त त्यानेच वाचावं असं. पश्चात्ताप केल्याशिवाय तुमच्या उपस्थितीत मी प्रभुभोजनाचा विधी करू शकत नाही, हे त्याचं म्हणणं. सम्राटाने जाहीर पश्चात्ताप केला. प्राचीन चर्च-इतिहासकार असंही सांगतात की मृत्युदंडाच्या हुकमाची अंमलबजावणी ३० दिवस थांबवण्याचा नियम यातूनच आला. एकांतातलं पत्र, ठाम भूमिका, आणि परतीची वाट उघडी.

आता आईचं. आई, तू म्हणतेस मन शांत नसेल तर प्रभुभोजनापासून दूर राहिलेलं बरं. इथे दोन वेगळी वचनं मिसळली जातात. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं आहे, पण तिथे आठवायचं ते आपल्या मनातलं नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे ते. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमात, सुमारे तीन दिवसांच्या वाटेवर. अर्पण तिथेच टाकून परत जाणं किती अवघड आहे हे त्यांना लगेच कळलं असणार. आपल्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर त्यासाठी मार्क ११:२५ आहे: प्रार्थनेला उभं राहाल तेव्हा क्षमा करा. हे वचन मंदिराच्या त्याच अध्यायात आहे, चौरंग उलथल्याच्या दुसऱ्या सकाळचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. क्षमा करणं म्हणजे हिशोब सोडून देणं असतं, तर हे दोन प्रसंग एका अध्यायात मावले नसते.

१ करिंथ ११:२८ मध्ये माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं आहे. परीक्षा करून घरी जावं असं नाही. पौल तिथे कशावर चिडला आहे तेही बघ: काहीजण आधीच पोटभर जेवून मोकळे होतात, काही मद्याने धुंद होतात, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहतात. अयोग्य रीतीने घेणं म्हणजे ते. समोरचा समेटाला तयार नसेल तर रोम १२:१८ मध्ये मर्यादा घातली आहे: शक्य असेल तर, आणि तुझ्याकडून होईल तेवढं. निरोप पाठवलास, त्याने भेट नाकारली, तर तू ये आणि प्रभुभोजन घे.

उपासनेतून गरीब वगळला की काय होतं, हे आमोस ५:२१-२४ मध्ये आहे: सण नकोत, गीतांचा गोंगाट नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे: वाचन, उपदेश, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि जमलेलं दान अध्यक्षाकडे, ज्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांना मदत होते. गरीब-निधी हा उपासनेच्या बाहेरचा कारभार नाही. म्हणून त्याचा हिशोब विचारणं हे उपासनेत विघ्न आणणं आहे, हे म्हणणं मला पटत नाही.

विश्वासाबद्दल थोडक्यात. जुने प्रोटेस्टंट शिक्षक त्याचे तीन भाग करत: माहिती असणं, ती खरी मानणं, आणि तिच्यावर भार टाकणं. याकोब २:१९ प्रमाणे भुतांकडे पहिले दोन आहेत. तिसरा रागाच्या वेळी दिसतो. देव न्याय करील यावर भार टाकणारा माणूस रोम १२:१९ प्रमाणे सूड हातातून सोडू शकतो. सोडवत नसेल तर १०९ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. त्यातली भाषा भयंकर आहे, पण ती माणसाच्या तोंडावर न जाता देवाच्या कानी जाते. ती त्यासाठीच आहे.

तर बाबा, करायचं काय. रविवारी उपासनेत उभं राहून बोलू नका. मत्तय १८:१५-१७ चा क्रम आहे: आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. पहिल्या भेटीत आरोप करू नका, कागद मागा: निधीत किती जमलं, कोणाला किती गेलं, शिल्लक किती, पावत्या कोणाकडे. भेटीआधी ही गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चार घरी सांगू नका. मंडळीतली निम्मी चुगली याच नावाने चालते. वडीलजनाविरुद्ध, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याविरुद्ध, बोलायचं तर १ तीमथ्य ५:१९ प्रमाणे दोन किंवा तीन साक्षीदार हवेत. हिशोब मागणं त्यांना अपमानाचं वाटलं, तर २ करिंथ ८:२०-२१ समोर ठेवा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेला पैसा पौलाने एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने चोख असावं म्हणून. प्रेषिताला ते चाललं, खजिनदाराला चालायला हवं.

एक अपवाद लक्षात ठेवा. मूल, स्त्री किंवा दुबळ्या माणसावर अत्याचाराचा प्रश्न असेल तर हा एकट्याने भेटण्याचा क्रम लावायचा नाही. तो भावाभावांतल्या तक्रारीसाठी आहे. तिथे आधी त्या व्यक्तीला सुरक्षित जागी न्यायचं आणि लगेच पोलिसांकडे जायचं. रोम १३ मध्ये सत्ताधाऱ्यांना तलवार दिली आहे ती त्यासाठी.

भेटीचं पत्र लिहाल तेव्हा ते चार वाक्यांपेक्षा मोठं नको: कशासाठी भेटायचं, कोणते कागद बघायचे, कोणता दिवस सोयीचा, आणि उत्तराची वाट किती दिवस बघणार. रात्री लिहा, सकाळी आईला वाचून दाखवा, तिने खोडलेलं विशेषण परत घालू नका. तारीख घाला आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

तुमची,
लेक