मशेरीकडेही पाहा

पुण्यातील तरुणींच्या धूम्रपानावरील आपला लेख वाचला. काळजी रास्त आहे, पण रोख चुकला. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २००९-१० ते २०१६-१७ दरम्यान देशात धूम्रपान करणारे पुरुष २४.३ वरून १९ टक्क्यांवर आले, स्त्रिया २.९ वरून २ टक्क्यांवर. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या स्त्रियाही घटल्या, तरी त्या १२.८ टक्के होत्या! आपल्याकडे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावूनच कित्येक बायका धुण्याभांड्याच्या कामाला निघतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यांनाही आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत मशेरी सोडण्यासाठी समुपदेशन मिळते का, याचा शोध आपल्या वार्ताहरांनी जरूर घ्यावा.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे