'केय' म्हटलं तर चूक कसं?

संपादक साहेब,

माझा भाचा दुसरीत आहे, घरी सगळे अहिराणीच बोलतात. मागे शिबिरात त्याची तपासणी झाली, बाईंनी केळ्याचं चित्र दाखवलं तर हा म्हणाला 'केय', डोळ्याला 'डोया', आणि तेच चूक धरलं. अहो आमच्याकडे ळ चा य होतो हे जळगाव-धुळ्यात कोणालाही माहितीये, तरी कागदावर बौद्धिक अक्षमतेची शक्यता असं लिहून दिलं, माझी बहीण रात्रभर रडली. दुकानातला हिशोब हा पोरगा तोंडी करतो, ते कोणी विचारलंच नाही. नंदुरबारमधल्या अक्राणी, अक्कलकुव्याकडची भिली-पावरी बोलणारी कितीतरी पोरं तर मराठी शाळेतच पहिल्यांदा शिकतात, त्यांचं काय होत असेल?

आणि उलटंही होतं, खरंच डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडचण येणारी लर्निंग डिसॅबिलिटी, असलेल्या पोराला भाषा येत नाही म्हणून मागे आहे असं समजून सोडून देतात, मग २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी असूनही त्याला सवलत मिळत नाही. तपासणीला घरची भाषा येणारं माणूस बसवा, दोन्ही भाषांत विचारा, आणि आधी आईला विचारा की पोरगं घरी कसं बोलतं. निदान या वर्षीच्या शिबिरांपासून तरी सुरू करा.

- एक मावशी, पारोळा