बाबांच्या मशीनला लागणारी वीज

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी गिरगावला आले होते तेव्हा बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला इन्व्हर्टर मोठ्या हौसेने दाखवला. पण घरात पाहुणे असल्यामुळे मनातली शंका बोलता आली नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली तेव्हापासून आईच्या मनात धास्ती आहे, आणि आता बाबांचे सीपॅप मशीन (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून दाबाने हवा देणारे) रात्रभर चालू ठेवावे लागत असल्यामुळे ती वाढली असणार. बॅटरी घेतलीत हे उत्तमच झाले. माझी काळजी त्या स्वस्त इन्व्हर्टरची आहे.

दुकानदाराने मीटर लावून 230 हा आकडा दाखवला, असे बाबा म्हणाले. त्या आकड्यावरून विजेचा दाब कळतो, पण तिची लाट कशी आहे ते कळत नाही. बेस्टच्या विजेचा दाब शून्यापासून चढत जाऊन सुमारे 325 व्होल्टपर्यंत पोहोचतो (मीटरवरचा 230 हा या चढउताराचा एक प्रकारचा सरासरी आकडा), तसाच उतरतो, मग उलट्या दिशेने तेच घडते, आणि हे सारे सेकंदाला 50 वेळा होते. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये दाब एकदम माथ्यावर उडी घेतो, क्षणभर तिथेच थांबतो आणि एकदम कोसळतो. पिवळ्या बल्बचे त्यात काही बिघडत नाही. परंतु टेबलफॅन त्यावर घूं घूं करतो आणि तापतो, हे आईच्याच लक्षात आले होते. मशीनच्या अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या भागात, अशा प्रत्येक उडीसरशी प्रवाहाचा मोठा लोंढा शिरतो, त्यामुळे अडॅप्टर पहिल्या रात्री नीट चालला एवढ्यावरून तो टिकेल असे म्हणता येत नाही.

मी अडॅप्टरवरची पट्टी वाचली. मशीनला मुळात 24 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, लागते. बॅटरीतली 12 व्होल्ट डीसी आधी 230 व्होल्ट एसी (घरातल्यासारखी उलटसुलट दिशेने वाहणारी) करायची आणि अडॅप्टरने पुन्हा डीसीवर आणायची, हा द्राविडी प्राणायाम आहे, आणि त्यात दोन्ही वेळा बॅटरीतली वीज वाया जाते. मशीनच्या कंपनीचाच 12 व्होल्टवर चालणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो. तो आणि बॅटरीजवळ लावायचा फ्यूज घेऊन मी शनिवारी येते. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायरचा, म्हणजे मशीनमधली हवा दमट करणाऱ्या भागाचा, हीटर बंद ठेवला तर ती बरीच जास्त वेळ पुरेल. तसे चालेल का, हे मी डॉक्टरांना विचारून ठेवते.

बॅटरी पलंगाखालून काढून खिडकीजवळ ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. बाबांनी ती एकट्याने उचलू नये.

शनिवारपूर्वी रात्री वीज गेलीच, तर मशीनशिवाय झोपण्यापेक्षा हीटर बंद करून ते इन्व्हर्टरवर चालवावे, मात्र आईने अडॅप्टरला अधूनमधून हात लावून पाहावा. तो नेहमीपेक्षा फार गरम लागला तर लगेच काढावा, बाबांनी आरामखुर्चीत टेकून बसावे आणि कितीही वाजले असले तरी मला फोन करावा.

तुमची,
मुग्धा