भाडं विचारा, तशी पुराची रेघही विचारा

महोदय,

निवृत्तीनंतर पुण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही सांगलीत आलो. तिथे २२ हजार भाडं होतं, इथे विश्रामबागेत ९ हजार. 'मग काय, निम्म्यात संसार!' असं पुण्यातले लोक म्हणतात. तसं होत नाही. महावितरणचा विजेचा दर दोन्हीकडे एकच, औषधांवरची छापील किंमत तीच. शिवाय गुडघ्याच्या डॉक्टरांसाठी दर महिन्याला पुण्याची वारी आहेच.

हे घर घेण्याआधी सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीत, ५ हजारांत ऐसपैस घर मिळत होतं. पत्नी हरखून गेली होती. पण खोलीचा रंग छातीपर्यंत वेगळा दिसला, म्हणून शेजारच्या आजींना विचारलं. त्यांनी भिंतीवर हात टेकवला, ''२०१९ला पाणी हितवर आलतं, बाबा.'' त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. २०२१ला पुन्हा पूर आला. घरमालकाने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं!

बाहेरून येणाऱ्याला हे कोण सांगणार? भाडेकरारात पुराच्या पाण्याच्या उंचीची नोंद सक्तीची करावी, ही प्रशासनाला कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ नागरिक, विश्रामबाग, सांगली