ऑप्टिक्सचे समभाग घेताना मालसाठ्याचा आकडा आधी पाहा

महोदय,

कंपनीच्या वर्णनात ‘ऑप्टिक्स’ (भिंगे, लेझर, प्रकाशतंतू अशा प्रकाशावर चालणाऱ्या वस्तूंचा उद्योग) शब्द दिसला की समभाग घेण्याची घाई सध्या वाढली आहे. डेटा सेंटरमधले ट्रान्सिव्हर, म्हणजे विजेच्या संकेतांचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करणारे जोडभाग, सेकंदाला ४०० गिगाबिटवरून ८०० वर गेले आणि आता १.६ टेराबिटकडे निघाले आहेत. मागणी खरी आहे, यात शंका नाही. पण खऱ्या मागणीवरही पैसे बुडतात आणि या उद्योगाने ते एकदा फार मोठ्या प्रमाणावर दाखवले आहे.

प्रकाशतंतूंच्या जाळ्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या जेडीएस युनिफेजने जुलै २०००मध्ये एसडीएल ही लेझर बनवणारी कंपनी घ्यायचे जाहीर केले, तेव्हा सौद्याची किंमत सुमारे ४१ अब्ज डॉलर होती आणि ती सगळी समभागांत द्यायची होती. जून २००१मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षाचा तोटा सुमारे ५६ अब्ज डॉलर निघाला. त्यातला बहुतांश भाग अशा खरेद्यांचे गुडविल (मालमत्तेच्या किमतीहून जास्त मोजलेली रक्कम) निर्लेखित केल्यामुळे, म्हणजे हिशेबातून तोटा म्हणून काढून टाकल्यामुळे होता. प्रकाशतंतू बनवणाऱ्या कॉर्निंगच्या समभागाचा भाव २०००मध्ये १०० डॉलरच्या वर होता, तो २००२मध्ये दोन डॉलरखाली आला. इंटरनेटची वाहतूक तेव्हाही वाढतच होती. मात्र एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचा प्रकाश पाठवता येऊ लागल्याने जुन्याच तंतूंची क्षमता कित्येक पट वाढली, कर्ज काढून जाळे टाकणारे ग्राहक बुडाले आणि टंचाईच्या भीतीने दोन-दोन ठिकाणी दिलेल्या ऑर्डरी एकदम रद्द झाल्या.

म्हणूनच आम्ही सर्वांत आधी मालसाठा बघायला सांगतो. ताळेबंदातला मालसाठा भागिले वर्षाचा विक्री झालेल्या मालाचा खर्च, गुणिले ३६५, म्हणजे किती दिवसांचा माल पडून आहे ते कळते. हे दिवस ९० वरून १५० वर गेले आणि विक्री जागेवरच असली तर सावध व्हावे. मात्र तेवढ्यावर निकाल देऊ नये. ताळेबंदासोबतच्या टिपणांत कच्चा माल, अर्धवट माल आणि तयार माल अशी फोड असते. कच्चा माल वाढण्यामागे शहाणपणही असू शकते. चीनने १ ऑगस्ट २०२३पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लागू केला. बरीच इन्फ्रारेड भिंगे जर्मेनियमची असतात, तेव्हा अशी भिंगे करणाऱ्याने साठा करून ठेवला तर त्यात गैर काही नाही. तयार माल फुगणे मात्र वाईट, कारण ट्रान्सिव्हरची पुढची पिढी आली की मागच्या पिढीचा माल पडत्या भावात काढावा लागतो.

दुसरी गफलत सकल नफ्याबाबत (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम) होते. समजा पाच टप्प्यांतून जाणाऱ्या लेझरचे प्रत्येक टप्प्यावर ९५ टक्के नग उत्तीर्ण होतात, तर शेवटी ७७ टक्केच हाती लागतात. तेच प्रमाण ९० टक्के असेल तर ५९. बाद नगांचा खर्चही उरलेल्या नगांवरच पडतो, त्यामुळे नव्या उत्पादनाच्या सुरुवातीच्या तिमाहींत नफ्याचे प्रमाण घसरणे स्वाभाविक आहे आणि हात बसला की ते सुधारते. नगांची विक्री वाढतेय पण महसूल त्या मानाने वाढत नाही, असे दिसले तर समजावे की घसरण भावाची आहे, आणि ती सहसा परत भरून येत नाही.

ग्राहक किती आहेत तेही पाहावे. अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय, दोन्ही लेखामानकांनुसार १० टक्के किंवा त्याहून जास्त महसूल देणाऱ्या ग्राहकाची नोंद द्यावी लागते. मोबाइल कॅमेऱ्याची भिंगे करणाऱ्यांचे हेच दुखणे आहे: ग्राहक मोजके आणि भाव तेच ठरवतात.

नावांचा घोळ वेगळाच. अतिसूक्ष्म चिप छापणाऱ्या यंत्रांतले आरसे झाइस बनवते. १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश प्रत्येक आरशावर सुमारे ७० टक्केच परततो, म्हणजे दहा आरशांनंतर जेमतेम ३ टक्के उरतो. तिथे स्पर्धक नाही म्हणतात ते खरे आहे. पण झाइसची मालकी एका प्रतिष्ठानाकडे आहे, तिचे समभाग बाजारात नाहीत. बाजारात मिळतात ते कार्ल झाइस मेडिटेकचे, आणि तिचा धंदा मुख्यतः डोळ्यांच्या तपासणीच्या आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा! एसिलोरलक्सोटिकासारखी चष्म्यांची कंपनी तर आणखी निराळी. तिथे दुकाने आणि ब्रँड मोजायचे.

ट्रान्सिव्हरचे काम थेट स्विचच्या (संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या यंत्राच्या) चिपशेजारी नेण्याचे तंत्र आता येत आहे. एनव्हिडियाने मार्च २०२५मध्ये असे स्विच जाहीर केले. सिलिकॉनला स्वतः नीट प्रकाश देता येत नाही, म्हणून इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचे लेझर लागतच राहतील. धोका आहे तो विकत घेतलेल्या भागांची नुसती जुळणी करणाऱ्यांना. कंपनी लेझर स्वतः बनवते की विकत घेते, हे सहसा वार्षिक अहवालातल्या व्यवसायाच्या वर्णनात सापडते.

आपल्या बाजारविषयक पानावर अशा कंपन्यांचे निकाल छापताना पी/ई गुणोत्तरासोबत (समभागाचा भाव भागिले प्रतिसमभाग कमाई) मालसाठ्याचे दिवस आणि १० टक्क्यांवरील ग्राहकांची संख्या हे दोन आकडेही द्यावेत, अशी विनंती आहे.

आपले,
या क्षेत्रातील काही वाचक